महाविद्यालयीन ग्रंथालय चालवताना: कर्मचारी, अंदाजपत्रक आणि संगणकीकरण यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि उपनगरांतल्या पदवी महाविद्यालयांचे ग्रंथपाल, प्रभारी आणि ग्रंथालय समितीचे सदस्य पुन्हापुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं लिहिताना खासगी अनुदानित महाविद्यालय डोळ्यांसमोर आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. अंदाजपत्रकाची तयारी कधीपासून करावी?

गणपतीच्या आसपास सुरुवात झाली पाहिजे. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, नियतकालिकांची वर्गणी जानेवारी ते डिसेंबर आणि विद्यार्थ्यांचं वर्ष जूनपासून. ही तिन्ही वर्षं एकमेकांत बसत नाहीत आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. विभागांकडून मागणीपत्रं ऑगस्टअखेर घ्या. सप्टेंबरात ग्रंथालय समितीची बैठक, ऑक्टोबरात वर्गण्यांचा निर्णय आणि जानेवारीत पुढच्या वर्षाचा मसुदा प्राचार्यांच्या टेबलावर, असा क्रम ठेवा.

नोव्हेंबरात भरलेली वर्गणी पुढच्या डिसेंबरपर्यंतची असते, पण पैसे चालू आर्थिक वर्षातून जातात. लेखापरीक्षक यावर हमखास बोट ठेवतो. म्हणून प्रत्येक वर्गणीच्या व्हाउचरवर कालावधी लिहा आणि ३१ मार्चला किती अंक यायचे बाकी आहेत त्याची यादी सोबत लावा.

२. व्यवस्थापन म्हणतं, "गेल्या वर्षीइतकेच घ्या." वाढ कशाच्या आधारावर मागायची?

"दहा टक्के वाढवून द्या" असं म्हटलं की पाच टक्के मिळतात किंवा काहीच मिळत नाही. त्यापेक्षा काम मोजून मागा. समजा, या वर्षी सहा नवे पेपर सुरू झाले, प्रत्येकाला ८० विद्यार्थी आहेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक प्रत ठेवायची आहे. म्हणजे ४८ प्रती. सरासरी किंमत ४५० रुपये धरली, तर २१,६०० रुपये. हा आकडा खोडायचा असेल तर व्यवस्थापनाला "दहाऐवजी वीस विद्यार्थ्यांमागे एक प्रत चालेल" असं म्हणावं लागतं, आणि ते लेखी म्हणणं कुणालाही जड जातं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा पदवी अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला आला. तो दर वर्षी एकेक वर्ग पुढे सरकतो, त्यामुळे ही मागणी एकदाच करून भागत नाही.

दुसरा पुरावा म्हणजे 'न मिळालेल्या पुस्तकांची वही'. विद्यार्थ्यानं मागितलं आणि देता आलं नाही, की काउंटरवर तारीख, पुस्तक आणि वर्ग एवढीच नोंद करा. सहा महिन्यांच्या वहीतून कुठलं पुस्तक किती वेळा नाकारावं लागलं ते समितीपुढे ठेवता येतं. देवघेवीचे अहवाल फक्त घडलेला वापर दाखवतात. अडलेला वापर या वहीतच सापडतो.

३. मार्चमध्ये पैसे शिल्लक राहिले. घाईनं पुस्तकं घ्यावीत का?

मंजूर पण खरेदी न झालेल्या पुस्तकांची प्राधान्ययादी वर्षभर तयार असेल, तरच. ती नसेल तर विक्रेत्याच्या गोदामात जे पडून आहे तेच तुमच्या कपाटात येतं. बिल ३१ मार्चपूर्वीचं असलं तरी पुस्तकं हातात येऊन दाखल क्रमांक (नोंदवहीतला पुस्तकाचा कायमचा क्रमांक) पडल्याशिवाय पैसे सोडू नका. शिल्लक मोठी असेल तर बांधणी, बारकोड लेबलं किंवा देखभाल करार असे अडून राहिलेले खर्च आधी भागवा.

४. पुस्तकांवर जीएसटी लागतो का?

छापील पुस्तकांवर आणि नियतकालिकांवर नाही. ज्या ई-पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्याला ५ टक्के, सॉफ्टवेअर आणि देखभाल कराराला १८ टक्के. पदवी देणाऱ्या संस्थांना पुरवलेल्या ऑनलाइन शैक्षणिक नियतकालिकांना सूट आहे. तरीही काही पुरवठादार कर लावून बिल देतात, तेव्हा बिल नीट वाचा. महाविद्यालयाला भरलेल्या कराची वजावट सहसा मिळत नाही, म्हणून अंदाजपत्रकात करासहित रक्कमच धरा. एक लाखाच्या कोटेशनला १८ हजार कमी पडले म्हणून प्रस्ताव अडकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

५. काउंटरवर बसणारी माणसं दोनच आहेत आणि ग्रंथालय सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा उघडं ठेवायचं आहे. कसं जमवायचं?

आधी काउंटर-तास मोजा. साडेदहा तास गुणिले सहा दिवस म्हणजे ६३. गर्दीच्या चार तासांत दुसरा माणूस हवा, त्याचे २४. एकूण ८७. एका कर्मचाऱ्याचे आठवड्याचे ४२ तास धरले तरी काउंटरवर ३० तासांपेक्षा जास्त बसवू नये. उरलेल्या १२ तासांत पुस्तकं जागेवर लावणं, दाखल करणं, लेबलं चिकटवणं होतं. ८७ भागिले ३० म्हणजे २.९. तिघं लागतात, तेही कुणी रजेवर नसताना. रिक्त पदाच्या प्रस्तावाला हा हिशोब जोडा. बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचा क्रम) आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची मान्यता यांत वेळ जाणारच आहे.

तोवर दोघांचे ६० तासच हातात आहेत. देवघेव नऊ ते एक आणि दोन ते चार ठेवली, तर सहा दिवसांचे ३६ तास होतात. गर्दीत दुसऱ्याचे २४ तास धरले की साठ पूर्ण. बाकीच्या वेळी फक्त वाचनकक्ष उघडा. तिथे परिचर आणि प्रश्न ८ मधले मदतनीस पुरतात.

पाळ्या आठवड्याला बदलू नका, महिन्याला बदला. विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्याला सकाळची पाळी म्हणजे पहाटेची गाडी, आणि घरचं सगळं त्यावर ठरतं. पावसाळ्यात गाड्या बंद पडतात त्या दिवसासाठी दुसरी किल्ली जवळ राहणाऱ्याकडे द्या आणि तशी नोंद ठेवा.

६. वीस-पंचवीस वर्षं काम केलेले परिचर संगणकाला हात लावत नाहीत. काय करावं?

बहुतेक वेळा नकार संगणकाला नसतो, चारचौघांत चुकण्याला असतो. ज्या काकांना कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे डोळे मिटून सांगता येतं, त्यांना विद्यार्थ्यांसमोर माउस शोधत बसवणं हा त्यांचा अपमान आहे. दुपारी काउंटर बंद असताना रोज पंधरा-वीस मिनिटं द्या आणि एका आठवड्यात एकच काम शिकवा. पहिला आठवडा फक्त परतीचा: बारकोड वाचायचा, आवाज आला की पुस्तक बाजूला ठेवायचं. यात टंकन नाही आणि चूक झाली तरी सुधारता येते. मग देणं, मग नूतनीकरण, शेवटी शोध. स्क्रीनवरची बटणं मराठीत दिसतील अशी मांडणी करा आणि पायऱ्या मोठ्या अक्षरांत छापून काउंटरच्या आतल्या बाजूला लावा.

प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन हवंच. एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरला की दंड कुणी माफ केला, नोंद कुणी पुसली हे कळत नाही, आणि संशय नेहमी खालच्या माणसावर येतो. स्वतंत्र लॉगिन त्यांच्याच संरक्षणासाठी आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा.

७. ग्रंथपाल निवृत्त झाले आणि प्राध्यापकांकडे प्रभार आला. ताब्यात काय काय घ्यावं?

किल्ल्या आणि शिक्के सगळे घेतात. राहतात ते पासवर्ड. सर्व्हर आणि ग्रंथालय प्रणालीचं प्रशासक खातं, एन-लिस्टचं (महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणाऱ्या सेवेचं) महाविद्यालयीन खातं, डोमेन नाव आणि ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो क्रमांक यांची यादी करा. ही खाती वैयक्तिक ईमेलवर असतील तर पदनामाच्या ईमेलवर वळवून घ्या. सोबत शेवटचा दाखल क्रमांक, बिल आलं पण पैसे दिले नाहीत अशी प्रकरणं, पैसे दिले पण माल आला नाही अशी प्रकरणं, अध्यापकांकडे असलेली पुस्तकं आणि शेवटच्या पडताळणीचा (पुस्तकं मोजून नोंदींशी जुळवल्याचा) अहवाल लेखी घ्या. 'पडताळणीच्या अधीन राहून' असं लिहूनच सही करा.

८. 'कमवा आणि शिका'तल्या विद्यार्थ्यांना कोणतं काम द्यावं?

पुस्तकं लावणं, लेबलं चिकटवणं, कपाटांचा क्रम तपासणं, वाचनकक्ष. दंडाचे पैसे आणि सदस्यांची माहिती त्यांच्या हाती देऊ नका.

९. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मग त्यासाठी तरतूद कशाला? आणि सोल घेतलं तर?

कोहाचा परवाना फुकट आहे. ते चालवणं फुकट नाही. लिनक्स सर्व्हर किंवा क्लाउड भाडं, बॅकअपची जागा, यूपीएस, बारकोड वाचक आणि अडचणीला धावून येणारा माणूस यांचे पैसे दर वर्षी लागतात. प्रस्ताव पाच वर्षांच्या एकूण खर्चाचा मांडा. पहिल्या वर्षाचाच मांडलात तर दुसऱ्या वर्षी देखभाल कराराला पैसे नसतात.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं सोल हे सॉफ्टवेअर विद्यापीठं आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठीच बनवलेलं आहे. विंडोजची सवय असलेल्या आणि लिनक्स जाणणारं कुणी नसलेल्या ठिकाणी ते सोपं पडतं. कोहात ब्राउझरवरून काम होतं, आणि सेवा देणारी संस्था पटली नाही तर प्रणाली न बदलता ती संस्था बदलता येते. आमचं मत असं: महाविद्यालयात किंवा शेजारच्या महाविद्यालयात लिनक्स सांभाळणारा एक विश्वासू माणूस असेल तर कोहा, नसेल तर सोल. खासगी सॉफ्टवेअर घेताना मात्र करारात एक अट हवीच: सर्व नोंदी मार्क २१ (ग्रंथनोंदींचा प्रमाणित साचा) स्वरूपात, कधीही, वेगळे पैसे न घेता मिळतील. ही अट विक्रेता टाळत असेल तर पुढे जाऊ नका.

१०. जुन्या सॉफ्टवेअरमधून डेटा नव्यात आणताना काय बिघडतं?

बिघाड सहसा एक्सेलमध्ये होतो. ००१२३ हा बारकोड फाइल उघडताच १२३ होतो आणि पुस्तक काउंटरवर ओळखलं जात नाही. उपाय म्हणजे आयात करताना तो रकाना 'टेक्स्ट' ठेवणं. तारखांत दिवस आणि महिना उलटे होतात. मराठी मजकुराची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली नाही तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. कनिष्ठ आणि पदवी विभागांच्या दाखल नोंदवह्या वेगळ्या असतील तर एकच क्रमांक दोन पुस्तकांना असतो. अशा वेळी कनिष्ठ विभागाच्या क्रमांकाआधी एक अक्षर जोडून बारकोड वेगळा करा, मूळ नोंदवहीतला क्रमांक बदलू नका.

कोहासाठी क्रम असा ठेवा:

१. जुन्या डेटाची मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर बंद करून ठेवा.
२. रकाने जुळवा. प्रतीची माहिती मार्कच्या ९५२ या क्षेत्रात जाते: बारकोड पी, बोधांक (कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) ओ, किंमत जी, प्रकार वाय या उपक्षेत्रात. मूळ आणि सध्याचं ग्रंथालय ए आणि बी मध्ये भरायचं राहिलं तर प्रती आयात होत नाहीत.
३. आधी फक्त ५०० नोंदी चढवा. तुकडी चुकली तर आयात उलटवता येते.
४. तपासणी दोन्ही बाजूंनी करा: कपाटातली १०० पुस्तकं उचलून प्रणालीत शोधा, आणि प्रणालीतल्या १०० नोंदी घेऊन कपाटात शोधा. एकाच बाजूनं तपासलं तर निम्म्या चुका लपतात.
५. मगच सगळ्या नोंदी चढवा आणि पूर्ण अनुक्रमणी (शोधासाठी संगणकानं केलेली सूची) पुन्हा बांधा.

सदस्य आणि चालू देवघेव सर्वांत शेवटी आणा. मुहूर्त मे महिन्याचा धरा, कारण तेव्हा बहुतेक पुस्तकं परत आलेली असतात. जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत प्रणाली बदलणं म्हणजे कर्मचाऱ्यांना तोंडघशी पाडणं आहे. जुनी प्रणाली किमान एक सत्र फक्त पाहण्यापुरती चालू ठेवा.

११. मराठी पुस्तकं आहेत, पण शोधल्यावर सापडत नाहीत. का?

यामागे चार वेगवेगळी कारणं असतात, म्हणून क्रमानं तपासा.

पहिलं कारण फाँट. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर आतून रोमन चिन्हांचाच असतो. फाँट काढला की मराठी नाहीशी होते. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. रूपांतरात ऱ्हस्व इकार आणि रफार जागा बदलतात. 'विद्यार्थी', 'कीर्ती', 'सौंदर्य', 'ऱ्हास' असे शब्द काढून पाहा. हे बरोबर असतील तर बहुतेक डेटा बरोबर आहे. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' दोन पद्धतींनी टंकता येतात. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. संपूर्ण डेटात एकच पद्धत ठेवा.

दुसरं कारण अनुक्रमणी. कोहात झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर अनुक्रमणी आयसीयू (युनिकोड लिप्या ओळखणाऱ्या) पद्धतीवर बसवलेली हवी, नाहीतर देवनागरी शब्द नीट तुटत नाहीत.

तिसरं कारण शुद्धलेखन. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'साधनें', 'मराठींत' असे अनुस्वार आहेत. शीर्षक मार्कच्या २४५ या क्षेत्रात छापल्याप्रमाणेच ठेवा आणि आजच्या लेखनातलं रूप २४६ मध्ये जोडा. तिथेच रोमन अक्षरांतलं शीर्षकही टाका, कारण विद्यार्थी फोनवर तसंच टंकतात. हे काम कंटाळवाणं आहे. पण ते केलं नाही तर जुनी मराठी पुस्तकं कपाटात असून नसल्यासारखी होतात, आणि पुढे वापर शून्य म्हणून तीच निर्लेखनाच्या (संग्रहातून रद्द करायच्या पुस्तकांच्या) यादीत जातात (प्रश्न १६).

चौथं कारण नावं. आडनाव आधी की आद्याक्षरं, आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची की नाही, हे एकदाच ठरवून प्राधिकृत नावांची फाइल करा.

याच कामात जुन्या पुस्तकांवरचा शक दिसेल. शकात ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुनअखेरचं प्रकाशन असेल तर ७९. महिना कळत नसेल तर ७८ मिळवून चौकटी कंसात लिहा.

१२. आरएफआयडी (पुस्तकात चिकटवलेला, रेडिओ लहरींनी वाचला जाणारा टॅग) घ्यावं का?

रोजची देवघेव मोठी असेल आणि प्रश्न १० मधली सफाई पूर्ण झाली असेल, तर घ्या. चुकीच्या नोंदीला टॅग लावला की चूक पुस्तकाला कायमची चिकटते. ग्रंथालयांत सहसा १३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग वापरतात. टॅगवरची माहिती आयएसओ २८५६० या मानकानुसार लिहिलेली आणि यंत्रं ग्रंथालय प्रणालीशी एसआयपी२ या प्रमाणित पद्धतीनं बोलणारी हवीत. विक्रेत्याची खासगी पद्धत घेतलीत तर पुढचे टॅगही त्याच्याकडूनच घ्यावे लागतील. लोखंडी कपाटाच्या पत्र्याजवळ टॅग नीट वाचले जात नाहीत. पातळ पुस्तकांत सगळे टॅग एकाच जागी लावले तर ते एकमेकांना झाकतात, म्हणून जागा थोडी वरखाली ठेवा. वेळेचा अंदाज विक्रेत्याकडून घेऊ नका. स्वतः १०० पुस्तकांना टॅग लावून घड्याळ पाहा आणि त्यावरून दिवस काढा. टॅग ओळखणाऱ्या दारातल्या गेटमुळे पान फाडून नेणं थांबत नाही, हेही व्यवस्थापनाला आधी सांगा.

१३. बॅकअप कुठे आणि किती ठेवावा?

कोहा रोज बॅकअप घेतं, पण तो त्याच यंत्रावर पडतो. डिस्क गेली की दोन्ही जातात. एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि एक इमारतीबाहेर ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सर्व्हर तळमजल्यावर असेल तर तो वर हलवणं हाच पहिला बॅकअप. दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून पाहा आणि तारीख नोंदवा.

१४. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं, मग एन-लिस्ट बंद करावं का?

घाई नको. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेली ही योजना २०२५ ते २०२७ साठी आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं तिच्यात येतात, पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. फक्त वेतन अनुदान मिळतं म्हणून खासगी महाविद्यालय आपोआप पात्र ठरतं असं धरू नका. यादीत आपलं नाव पाहा, मगच वर्गण्यांना हात लावा. एखादं महागडं छापील नियतकालिक बंद करायचं असेल तर कलिन्यातल्या विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात ते येतं का, हे आधी विचारा.

एन-लिस्टचा वापर कमी दिसतो याचं साधं कारण असं की खाती उघडलेलीच नसतात. प्रवेशाच्या वेळी ईमेल घेऊन जुलैतच सर्वांची खाती एकत्र उघडा.

१५. पडताळणीत पुस्तकं कमी भरली. पैसे कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापतात का?

सरसकट कापणं योग्य नाही. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम २१५ नुसार वर्षभरात दिलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची तूट वाजवी धरतात, मात्र ती अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. वर्षाचा वापर २४,००० असेल तर १२० ग्रंथ. हजार रुपयांवरचा ग्रंथ किंवा कोणत्याही किमतीचा दुर्मीळ ग्रंथ हरवला तर चौकशी करावीच लागते. त्याच नियमात २०,००० पर्यंतच्या संग्रहाची दर वर्षी, ५०,००० पर्यंत तीन वर्षांत एकदा पूर्ण पडताळणी आणि त्यावर नमुना पडताळणी सांगितली आहे. हा नियम केंद्राचा आहे. राज्यातल्या महाविद्यालयात समितीनं तो ठरावानं स्वीकारला की लेखापरीक्षकापुढे आधार मिळतो. ठराव पडताळणीच्या आधीचा हवा. मुक्त प्रवेशाच्या ग्रंथालयात काही पुस्तकं जाणारच, आणि त्याचा भार परिचराच्या पगारावर टाकणं अन्याय आहे.

१६. निर्लेखन करताना काय चुकतं?

दोन गोष्टी चुकतात. रद्द झालेला दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला दिला जातो. तो कधीही पुन्हा वापरायचा नाही. आणि फक्त 'पाच वर्षांत न दिलेली' अशी यादी काढून पुस्तकं बाहेर काढली जातात. संदर्भ म्हणून बसून वाचलेलं पुस्तक देवघेवीत दिसतच नाही. महिनाभर टेबलांवर राहिलेली पुस्तकं स्कॅन करून मगच ठरवा. विषयाच्या अध्यापकाची सही, समितीचा ठराव, व्यवस्थापनाची मंजुरी, प्रत्येक पानावर 'रद्द' शिक्क्याची यादी आणि विक्रीची पावती, एवढे कागद ठेवा. मुंबईवरची, गिरणगावावरची जुनी पुस्तकं, स्मरणिका आणि संस्थेचे अहवाल फुटकळ दिसतात. ते रद्दीत देण्याआधी निदान एका अनुभवी ग्रंथपालाला दाखवा.

१७. हरवलेल्या पुस्तकाऐवजी विद्यार्थ्यानं दुसरी आवृत्ती किंवा झेरॉक्स आणली. घ्यावी का?

नवी आवृत्ती घ्या, जुनी घेऊ नका. बदली पुस्तकाला नवा दाखल क्रमांक द्या आणि जुन्यासमोर तो लिहून नोंद बंद करा. संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स घेऊ नका. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रतींपर्यंतची सवलत स्वामित्वहक्क कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये आहे, पण ती अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखासाठी आहे, विद्यार्थ्यासाठी नाही. छापणं बंद झालेल्या पुस्तकाची रक्कम कशी ठरवायची हे नियमपत्रिकेत आधीच छापा. काउंटरवर ठरवायला गेलात तर वाद होतो.

१८. पालक किंवा प्राध्यापक एखाद्या विद्यार्थ्यानं काय वाचलं त्याची यादी मागतात. द्यावी का?

येणं बाकी असलेली पुस्तकं आणि दंड पालकांना सांगायला हरकत नाही. वाचलेल्या पुस्तकांची यादी तोंडी मागणीवर कुणालाही देऊ नका. लेखी अर्ज प्राचार्यांमार्फत आला तरच विचार करा आणि दिलेल्या माहितीची नोंद ठेवा. कनिष्ठ महाविद्यालयाचे विद्यार्थी अठराखालचे असल्यामुळे पालकांचा आग्रह जास्त असतो. त्यांच्यासाठीचं धोरण समितीनं वेगळं लिहून ठेवावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर गरजेपुरतीच माहिती साठवणं शहाणपणाचं आहे. पुस्तक परत येऊन दंड मिटला की देवघेवीच्या नोंदीतलं सदस्याचं नाव ठरावीक काळानं पुसलं जाईल अशी मांडणी कोहात करता येते. त्याआधी प्रश्न २ साठी लागणारे वर्गवार आकडे काढून ठेवा, कारण पुसलेली नावं परत मिळत नाहीत.